घरचा आहेर : सहकाऱ्यांच्या साक्षीचे वाचन

लग्नाच्या मांडवात एका कडेला, सतरंजीवर, एक माणूस वही घेऊन बसलेला असतो. येणाऱ्याचे नाव, गाव आणि त्याने आणलेले पातेले, लुगडे किंवा पाकीट, असे सगळे तो ओळीने लिहून घेतो. जेवणाच्या गडबडीत त्याच्याकडे फारसे कोणी बघत नाही. पण पाहुणे गेल्यावर घरची वडीलधारी माणसे पहिल्यांदा उघडतात ती हीच वही. आहेर कोणी केला, कोणत्या नात्याने केला, आपण त्यांच्याकडे मागे काय केले होते, रुसवा धरून कमी दिले की मिरवायला जास्त दिले, हे सगळे त्या एका ओळीतून जाणती माणसे वाचतात. नगर भागातल्या कितीतरी घरांत अशा जुन्या वह्या ट्रंकेच्या तळाशी अजून सापडतील.

मराठी वृत्तपत्रांनी हा शब्द राजकारणात नेला. एखाद्या नेत्यावर त्याच्याच माणसाने जाहीर टीका केली, की मथळा ठरलेला: 'घरचा आहेर'. शब्दात गंमत आहे, बोच आहे, पण एक उणीवही आहे. मथळा आहेर दाखवतो, वही दाखवत नाही. मग चावडीवर दोनच प्रतिक्रिया उमटतात. एक म्हणतो, "बघा, घरचाच माणूस सांगतोय, आणखी काय पुरावा पाहिजे?" दुसरा म्हणतो, "तिकीट कापलं म्हणून आता कंठ फुटला." दोघांचीही वाचायची मेहनत वाचते. या दोन्ही उत्तरांनी ज्यांचे समाधान होत नाही, अशा वाचकांसाठी ही प्रस्तावना आहे.

विषय थोडक्यात असा. निवडणूक तोंडावर आलेली असते. मते मागणाऱ्या नेत्याचा एखादा जुना सहकारी, कधी मंत्री, कधी सचिव, कधी वकील, कधी तुरुंगातला सोबती, पुढे येऊन सांगतो: हा माणूस कोणाचे ऐकत नाही, याच्या हाती सत्ता एकवटली तर संस्था वाकतील. या इशाऱ्याला लोकशाहीत एक वेगळी जागा आहे. मतदाराला नेता दिसतो तो व्यासपीठावर, हार घातलेला. सहकाऱ्याने त्याला दार लावून घेतलेल्या खोलीत पाहिलेले असते: विरोध झाल्यावर, फाइल परत आल्यावर, न्यायालयाचा निकाल विरुद्ध गेल्यावर. ही माहिती दुसऱ्या कोणाकडून मिळणे अवघड. मात्र ज्या जवळिकीतून माहिती येते, त्याच जवळिकीतून असूयाही येते. म्हणून अशा साक्षीला इतिहासकाराची शिस्त लावावी लागते. ती शिस्त मराठी वाचकाला परकी नाही, हे मला प्रथम सांगायचे आहे.

श्रीगोंदा तालुक्यात भीमेच्या काठी पेडगावचा किल्ला आहे. १६८९ मध्ये छत्रपती संभाजी महाराजांना कैद करून औरंगजेबापुढे आणले गेले ते इथेच, तेव्हाच्या बहादूरगडावर. पुढे दीर्घकाळ मराठी वाचकापुढे संभाजीराजांचे जे चित्र राहिले, ते उतावळ्या, कोपिष्ट, कोणाचे न ऐकणाऱ्या राजाचे होते. ते रंगवण्यात मल्हार रामराव चिटणीस यांच्या बखरीचा वाटा मोठा. आता वहीची ओळ पाहा. चिटणीस ज्या घराण्यातले, त्याच घराण्यातल्या बाळाजी आवजींना १६८१ मध्ये संभाजीराजांच्या हुकमाने देहदंड झाला होता. बखर लिहिली गेली एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी, म्हणजे घटनेनंतर सव्वाशे वर्षांनी. घरातले दुःख तोपर्यंत इतिहास होऊन बसले होते.

वा. सी. बेंद्रे यांनी चाळीस वर्षे कागद धुंडाळून १९६० साली संभाजीराजांचे चरित्र प्रसिद्ध केले, पुढे कमल गोखले यांनी आपल्या संशोधनाची भर घातली, आणि चित्र पालटले. या दोघांनी बखर जाळा असे म्हटले नाही. बखर कोणी लिहिली, कधी, कोणाच्या आश्रयाने, आणि तिला दुसऱ्या कागदाचा आधार आहे का, एवढेच विचारले. याच चिटणीस घराण्यातले खंडो बल्लाळ स्वराज्याच्या सेवेत निष्ठेने राहिले होते, हेही विसरून चालत नाही. एकाच घरात एक जखम आणि दोन वर्तणुकी! वाचकांनी हा धडा हाताशी ठेवावा. पुढे तो पुन्हा पुन्हा लागेल.

आता विसाव्या शतकात येऊ. या विषयातला सर्वांत विलक्षण दस्तऐवज जवळच्या माणसाने स्वतःविषयीच लिहिलेला आहे. नोव्हेंबर १९३७ मध्ये कलकत्त्याच्या 'मॉडर्न रिव्ह्यू' मासिकात 'राष्ट्रपती' या नावाचा एक लेख आला. लेखक 'चाणक्य'. काँग्रेसच्या अध्यक्षाला तेव्हा राष्ट्रपती म्हणत, आणि लेखाचा विषय होता अध्यक्ष जवाहरलाल नेहरू. गर्दीचे प्रेम, भक्कम इच्छाशक्ती, कार्यक्षमतेची घाई आणि सामान्य माणसाविषयीचा अधीरपणा, हे सगळे या माणसात आहे. थोडेसे वळण बदलले तर यातून हुकूमशहा घडू शकतो. म्हणून याला सलग तिसऱ्यांदा अध्यक्ष करू नका, असा त्याचा आशय होता. आदल्याच वर्षी खानदेशात फैजपूरला, खेड्यात भरलेल्या पहिल्या काँग्रेस अधिवेशनात, नेहरू सलग दुसऱ्यांदा अध्यक्ष झाले होते. चाणक्य म्हणजे खुद्द नेहरूच, हे नंतर उघड झाले. यात आत्मपरीक्षण किती आणि लाडिक आत्मप्रेम किती, यावर अभ्यासक अजून वाद घालतात. घालावाही. पण वेळ पाहा: इशारा निवडीच्या आधी आला, आणि देणाऱ्याला त्यातून पद मिळायचे नव्हते.

त्यानंतर पाच वर्षांनी हाच 'राष्ट्रपती' आपल्या नगर जिल्ह्यात मुक्कामाला आला, कैदी म्हणून. 'चले जाव'च्या ठरावानंतर ऑगस्ट १९४२ मध्ये काँग्रेस कार्यकारिणीचे बारा सदस्य नगरच्या भुईकोट किल्ल्यात डांबले गेले: आझाद, नेहरू, पटेल, पंत, कृपलानी, आचार्य नरेंद्र देव, पट्टाभी सीतारामय्या, असफ अली, सय्यद महमूद, प्रफुल्लचंद्र घोष, हरेकृष्ण महताब आणि आपले शंकरराव देव. नेहरू आवारात वाफे करत तेव्हा कुदळीला जुन्या बांधकामाचे अवशेष लागत. १९४४ मध्ये पाच महिन्यांत त्यांनी 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया' इथे लिहून काढले आणि ते या किल्ल्यातल्या सहकाऱ्यांना नि सहबंद्यांना अर्पण केले. किल्ला आज लष्कराच्या ताब्यात आहे, पण नेत्यांच्या कोठड्या जपलेल्या आहेत. तुम्ही तिथे गेलात तर त्या आवाराचा आकार डोळ्यांनी मोजा. सुमारे तीन वर्षे एवढ्या जागेत बारा माणसांनी एकमेकांना पाहिले. या अर्पणपत्रिकेतल्या माणसांनी पुढे काय साक्ष दिली, हा आपल्या विषयाचा जणू पहिला पाठ आहे.

आचार्य कृपलानी १९५१ मध्ये काँग्रेसबाहेर पडले, पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीच्या तोंडावर. त्यांनी किसान मजदूर प्रजा पक्ष काढला. ऑगस्ट १९६३ मध्ये नेहरू सरकारविरुद्ध लोकसभेतला पहिला अविश्वास ठराव मांडला तो त्यांनीच. इथे वहीची दुसरी बाजूही वाचायची: १९५० च्या काँग्रेस अध्यक्षपदाच्या निवडणुकीत कृपलानी पुरुषोत्तमदास टंडन यांच्याकडून हरले होते. पराभवाने त्यांची टीका खोटी ठरत नाही, पण तिच्या शेजारी ही नोंद असावी. मौलाना आझादांची तऱ्हा याउलट. किल्ल्यात असताना त्यांनी लिहिलेली पत्रे पाठवलीच नव्हती. ती पुढे 'गुबार-ए-खातिर' म्हणून पुस्तकात आली. 'इंडिया विन्स फ्रीडम' या आत्मकथनातली सुमारे तीस पानेही त्यांनी मोहरबंद ठेवायला सांगितली. आझाद १९५८ मध्ये गेले, पाने उघडली १९८८ मध्ये. सहकाऱ्यांविषयीचे त्यांचे स्पष्ट मत मतदारांपर्यंत पोचले तेव्हा त्या सहकाऱ्यांपैकी कोणाला मत द्यायचे उरलेच नव्हते.

या विषयाचा गाभा मात्र १९७५ ते १९७७ या काळात आहे, आणि नवख्या वाचकांनी सुरुवात तिथूनच करावी. काँग्रेसमधल्या 'तरुण तुर्कां'पैकी एक असलेले मोहन धारिया पुण्याचे खासदार आणि इंदिरा गांधींच्या सरकारात राज्यमंत्री होते. जयप्रकाश नारायण यांच्याशी संवाद करा, असे ते उघड म्हणू लागले, आणि मार्च १९७५ मध्ये त्यांना मंत्रिमंडळातून काढण्यात आले. तेव्हा आणीबाणीला जवळजवळ चार महिने अवकाश होता. धारियांच्या साक्षीचे मोल या तारखेत आहे. जून महिन्यात निवड रद्द करणाऱ्या अलाहाबाद उच्च न्यायालयाच्या निकालाविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात इंदिरा गांधींची बाजू मांडणारे नानी पालखीवाला यांनीही आणीबाणी जाहीर होताच वकीलपत्र परत केले. संसदेतल्या भाषणाइतकीच ही न बोललेली साक्षही नोंदवण्याजोगी.

जगजीवन राम यांचे तसे नव्हते. जुलै १९७५ मध्ये आणीबाणीला मंजुरी देणारा ठराव लोकसभेत मांडला तो त्यांनीच. एकोणीस महिने ते मंत्रिमंडळात राहिले. १८ जानेवारी १९७७ रोजी निवडणुकीची घोषणा झाली आणि २ फेब्रुवारीला बाबूजी बाहेर पडले. हेमवतीनंदन बहुगुणा आणि नंदिनी सत्पथी यांच्यासह त्यांनी 'काँग्रेस फॉर डेमॉक्रसी' स्थापन केली. पक्षांतर्गत लोकशाही संपली आहे, निर्णय मूठभरांच्या हाती गेले आहेत, हा त्यांचा आरोप होता. त्याच महिन्यात इंदिराजींच्या आत्या विजयालक्ष्मी पंडित, म्हणजे मराठी विद्वान रणजित सीताराम पंडित यांच्या पत्नी, प्रचाराला विरोधकांच्या बाजूने उतरल्या. हा तर शब्दशः घरचा आहेर.

६ फेब्रुवारीला दिल्लीच्या रामलीला मैदानावर जयप्रकाश आणि जगजीवन राम यांची सभा होती. त्या रविवारी संध्याकाळी दूरदर्शनने 'बॉबी' हा चित्रपट दाखवला. लोकांनी घरी बसावे म्हणूनच तो लावला, असे तेव्हापासून सांगितले जाते. मैदान तरीही भरले. एका सहकाऱ्याचे म्हणणे लोकांच्या कानी पडू नये म्हणून सरकारला डिंपल कापडियाला पुढे करावेसे वाटले असेल, तर त्या म्हणण्याचे वजन सरकारनेच मोजून दिले, असे म्हणायला हरकत नाही. मार्चमध्ये निकाल लागले. काँग्रेस १५४ जागांवर आली, आणि रायबरेलीत खुद्द इंदिरा गांधी हरल्या. पंतप्रधान कोण, हे ठरवायची जबाबदारी जयप्रकाशांबरोबर ज्यांच्यावर आली, ते होते नगरच्या किल्ल्यातले जुने बंदी, आचार्य कृपलानी. त्या मंत्रिमंडळात रेल्वेमंत्री झालेले मधु दंडवते यांचा जन्मही नगरचाच, १९२४ चा.

आता इथे थोडे थांबा. इशारा आला, मतदार जागा झाला, हुकूमशाही हरली, अशी सरळ गोष्ट सांगण्याचा मोह होतो. आपला जिल्हाच ती सांगू देत नाही. त्या वर्षी महाराष्ट्रातल्या ४८ पैकी काँग्रेसला २० जागा मिळाल्या, आणि त्यांत नगर जिल्ह्यातल्या दोन्ही जागा होत्या: अहमदनगरमधून अण्णासाहेब शिंदे, कोपरगावमधून बाळासाहेब विखे पाटील. हा साखर कारखान्यांचा, सोसायट्यांचा, पाटपाण्याचा मुलूख. प्रवरानगरचा कारखाना ज्यांनी आपल्या भागभांडवलातून उभा राहताना पाहिला, त्यांच्या लेखी दिल्लीतला इशारा आणि गावातला माणूस हे दोन वेगळे हिशेब असावेत. नगरच्या मतदाराला लोकशाही कळली नाही, असे म्हणणे उथळ होईल. साक्ष एक असते, ती तोलणारे तराजू गावोगाव वेगळे असतात. अभ्यासकाने तराजूही अभ्यासावा.

बोललेल्यांबरोबर न बोललेल्यांचीही दखल घ्यावी लागते. डिसेंबर १९७५ मध्ये कराडला साहित्य संमेलन भरले. अध्यक्षा दुर्गा भागवत, स्वागताध्यक्ष यशवंतराव चव्हाण. दुर्गाबाईंनी जयप्रकाशांच्या प्रकृतीसाठी प्रार्थना करायला लावली. त्या बाहेरच्या होत्या आणि निर्भय होत्या. यशवंतराव आतले होते, परराष्ट्रमंत्री होते आणि गप्प होते. जगजीवन राम गेले तेव्हाही ते थांबले. इंदिराजींपासून त्यांची वाट वेगळी झाली ती १९७८ च्या आरंभी, पराभवानंतर. त्यांना दोष देण्यासाठी मी हे सांगत नाही. सत्तेच्या जवळचा माणूस इतका वेळ का थांबतो, आतून सुधारता येईल या आशेने, निष्ठेने, भीतीने की हिशेबाने, हा या विषयातला सर्वांत सुपीक प्रश्न आहे आणि त्यावर मराठीत अजून पुष्कळ लिहिण्यासारखे आहे.

अलीकडचे उदाहरण हवे असेल तर पारनेर तालुक्यातल्या राळेगणसिद्धीला जावे लागते. २०११ च्या लोकपाल आंदोलनात अण्णा हजारे यांच्यासोबत दिसणारे अरविंद केजरीवाल २०१२ मध्ये पक्ष काढून वेगळ्या वाटेने गेले. ऑगस्ट २०२२ मध्ये दिल्लीच्या मद्यधोरणावरून अण्णांनी त्यांना जाहीर पत्र लिहिले आणि सत्तेची नशा चढल्याचे सुनावले. खुद्द पक्षातून मार्च २०१५ मध्ये योगेंद्र यादव आणि प्रशांत भूषण यांनी एका व्यक्तीभोवती पक्ष फिरू लागल्याची तक्रार केली. पक्षाने त्यांच्यावरच निवडणुकीत पक्षाला पाडण्याचे प्रयत्न केल्याचा आरोप ठेवून त्यांना दूर केले. उमेदवारनिवडीवरचे त्यांचे आक्षेप मतदानाआधीचे होते. लोकांपुढे ते सविस्तर आले दिल्ली विधानसभेत ७० पैकी ६७ जागांचा निकाल लागल्यावर. पुन्हा प्रश्न वेळेचाच.

हा प्रकार आपल्यापुरता नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये अमेरिकेच्या अध्यक्षीय निवडणुकीला दोन आठवडे उरले असताना निवृत्त जनरल जॉन केली यांनी मुलाखत दिली. ते डोनाल्ड ट्रम्प यांचे व्हाइट हाउसमधले चीफ ऑफ स्टाफ होते. फॅसिस्ट या शब्दाच्या सर्वसाधारण व्याख्येत ट्रम्प बसतात, असे त्यांनी सांगितले. ट्रम्प यांच्या गोटाने हे म्हणणे फेटाळले. ५ नोव्हेंबरला मतदारांनी ट्रम्प यांनाच निवडले. भारतात १९७७ मध्ये इशारा देणारे जिंकले, अमेरिकेत २०२४ मध्ये हरले. दोन्ही निकालांनी मते कोणाला मिळाली ते सांगितले. साक्ष खरी की खोटी, हे मतपेटी सांगत नाही. ते नेत्याच्या पुढच्या वर्तनावरून आणि कागदपत्रांवरून ठरते.

तर मग वाचायचे कसे? मी पाच प्रश्न सुचवतो. साक्षीदाराने हे स्वतः पाहिले की ऐकले? बोलला तेव्हा त्याच्या हातून काय गेले आणि हाती काय आले? ज्या गोष्टीची तो आज तक्रार करतो, तिच्यात त्याचा स्वतःचा हात किती होता? त्याच्याशी ज्याचे जमत नाही, असा दुसरा साक्षीदार तेच सांगतो का? आणि आरोप स्वभावाविषयी आहे की कृतीविषयी? 'तो हेकेखोर आहे' हे मत झाले. 'अमुक दिवशी अमुक अधिकाऱ्याला अमुक हुकूम दिला' ही साक्ष झाली. पाचही प्रश्न आपल्या नावडत्या नेत्याविरुद्धच्या साक्षीला आधी लावा. आवडत्याच्या बाबतीत ते आपोआपच सुचतात.

सुरुवातीला फार पसारा मांडू नका. एक माणूस निवडा. धारिया घ्या, जगजीवन राम घ्या, कृपलानी घ्या. त्याची तीन वक्तव्ये शोधा: नेत्याजवळ असतानाचे, बाहेर पडतानाचे आणि दहा वर्षांनंतरचे. ती तारखेने शेजारी शेजारी ठेवा. नगरमधल्या एखाद्या जुन्या वाचनालयात त्या काळच्या दैनिकांच्या फाइली मिळाल्या तर दुपार मोकळी ठेवून जा. पिवळ्या कागदावर सभेची बातमी, तिच्या खाली कापसाचा भाव आणि शेजारी सिनेमाची जाहिरात, हे एकत्र पाहिल्यावर तो इशारा त्या दिवशी लोकांना किती मोठा किंवा किती किरकोळ दिसला असेल, याचा अंदाज येतो. पुस्तकातून तो येत नाही.

हा विषय मोठ्या शहरांतल्या विद्यापीठांचाच आहे, असे समजू नका. पेडगाव, भुईकोट किल्ला आणि राळेगण ही तीन ठिकाणे एका दिवसाच्या प्रवासात पाहून होतात आणि तिन्ही याच विषयाची पाने आहेत. जिल्ह्याचे नाव आता अहिल्यानगर झाले आहे. ज्यांच्या नावाने ते झाले, त्या अहिल्याबाई जामखेडजवळच्या चौंडीच्या, आणि दारी आलेल्याचे गाऱ्हाणे स्वतः ऐकून घेणाऱ्या राज्यकर्त्या म्हणून त्यांची ख्याती आहे. ज्याच्यापर्यंत गाऱ्हाणे पोचते, त्याच्या माणसांना निवडणुकीपर्यंत थांबून जाहीर सभेत बोलण्याची वेळ सहसा येत नाही.

पुढच्या निवडणुकीत मथळा पुन्हा येईल. तेव्हा तुम्ही वही घेऊन बसा. नाव लिहा, नाते लिहा, तारीख लिहा. आधी काय दिले-घेतले होते तेही लिहा. मांडवात त्या माणसाकडे कोणी पाहत नाही, हे खरे. पण मांडव उतरल्यावर सगळे त्याच्याच वहीकडे येतात.